बारकी शेपटी

कामतघर, भिवंडी
रविवार, दुपार

प्रिय दिना,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. कुरियरवाला तिसऱ्या मजल्यावर चढायला तयार नव्हता. त्याने ते खालच्या किराणा दुकानात दिलं आणि दुकानदाराने तांदळाच्या गोणीवर टाकून ठेवलं, त्यामुळे एका कोपऱ्याला पांढरी पूड लागली आहे. आतलं निवेदन मी चार वेळा वाचलं. ‘मी, मयत कलावती यांचा पती नरेंद्र, असे लिहून देतो की…’ बँकेत कागद करतेस तसंच नेटकं केलं आहेस, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली माझ्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहेस. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावरही तू अशीच फुली करून आणायचीस, आणि गणितात मार्क कमी असले की पान अर्धं दुमडून माझ्यापुढे धरायचीस. मला ते कळायचं. पण दुमडलेलं पान मी कधी उघडलं नाही, सही करून परत द्यायचो.

ह्या फुलीवर मात्र अजून सही केलेली नाही. का केली नाही, ते मी फोनवर तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा तू म्हणालीस, पप्पा, तुम्ही काही बोलू नका, तुम्हाला त्रास होतो, फक्त सही करा, बाकी मी बघते. तू मायेनेच म्हणतेस, आणि मीही लगेच गप्प बसलो, कारण गप्प बसणं मला सोयीचं होतं. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, अकरा वाजता आईच्या डॉक्टर मेघालीची चौकशी आहे. तोवर हे पत्र तुला नाशिकला मिळेल. पत्रात मधेच कुणी बोलत नाही, म्हणून पत्र.

इकडचं बरं चाललं आहे असं लिहायची रीत असते. बरं काही चाललेलं नाही. वरण जमतं, भाकरी जमत नाही, शेजारच्या बाई दोन पाठवतात. परवा फळीवरचे डबे पुसायला काढले तर मेथीच्या डब्यामागे तुझ्या आईचा मशेरीचा डबा सापडला. डॉक्टरने बंद करायला सांगितली तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत तिने एक डबा मोरीत रिकामा केला होता. हा दुसरा. अर्धा संपलेला. म्हणजे बाईने शेवटपर्यंत चोरून लावली आणि एकतीस वर्षं लूमवर मिस्त्रीगिरी केलेल्या माणसाला पत्ता लागला नाही. मी डबा हातात घेऊन हसलो आणि मग मोरीतच बसून रडलो. पुन्हा तिथेच ठेवला आहे, मेथीच्या मागे.

माझ्या कामाबद्दल तू कधी फार विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुझे आजोबा राघो ह्याच कामतघरात लूमवर होते. सोळाव्या वर्षी त्यांनी मला शेडमध्ये नेलं आणि पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. विणलेल्या कापडाच्या अंगावर धागा लोंबताना दिसला की कापायचा, त्यासाठी कुणाला विचारायचं नाही. ते म्हणायचे, कापडावर लोंबणारा धागा म्हणजे कारागिराच्या तोंडातून गळणारी लाळ. आणि दुसरी, कापलेला धागा खाली टाकायचा नाही, तो उडून यंत्रात जातो. तो बोटाला गुंडाळायचा आणि खिशात घालायचा. हे मी इतकी वर्षं केलं की बाजारात कुणाच्या सदऱ्याचा धागा लोंबलेला दिसला तरी माझा हात पुढे जायचा. तुझ्या लग्नात मी तुझ्या सासऱ्यांच्या कोटाचा धागा तोडला होता, आठवतं? तुझी आई कपडे धुताना माझ्या खिशातून गुंता काढायची आणि म्हणायची, ‘नवरा हाय का चिमनीचं घरटं हाय?’ मी फार साफ करत बसलो की तिचं ठरलेलं असायचं, ‘पुरं करा, अति तिथं माती.’

शेटने चोवीस लूम भंगारात काढले तेव्हा मला वाटलं, आता हे हात फक्त जेवायला उरले. मग मानकोलीकडच्या गोदामात हितेश भेटला. खाली शाम्पूची खोकी, वर ह्या इंजिनीअर पोराची प्रयोगशाळा. त्याने माझ्यापुढे केसासारख्या दोन रबरी नळ्या ठेवल्या आणि विचारलं, ह्या जोडता येतील का? तुटलेला ताणा सांधणाऱ्याला काय विचारतोस म्हटलं. एका दमात जोडून दिल्या. म्हणाला, मिस्त्री, उद्यापासून या.

तिथे काय करतात, ते माझ्या भाषेत सांगतो. लिवरला रक्त दोन वाटांनी येतं. कॅन्सरची गाठ मात्र त्यातल्या एकाच वाटेवर, धमनीवर, जास्त पोसते. म्हणून डॉक्टर जांघेतून एक बारीक नळी आत घालतात, ती धमनीतून वर सरकवत गाठीच्या तोंडाशी नेतात आणि तिथे औषध भरलेले अगदी बारीक मणी सोडतात. मणी गाठीत जाऊन बसतात, औषध सोडतात आणि तिचं रक्त तोडतात. अडचण एवढीच की धमनीला फांद्या असतात. मणी चुकीच्या फांदीत गेले तर चांगल्या जागेचं रक्त तुटतं. मणी नेमके कुठे जातात हे जिवंत माणसाच्या पोटात बघता येत नाही, म्हणून हितेश त्या धमन्या काचेसारख्या स्वच्छ रबरात बनवतो. पंप लावला की ठोक्याठोक्याने रक्तासारखं दाट पाणी वाहतं. रंगीत मणी सोडायचे, प्रत्येक फांदीच्या टोकाला जाळी लावायची आणि मग मोजायचं, शंभरातले किती मणी कुठल्या जाळीत आले. ते मोजण्याचं काम माझं. आणि त्याआधीचं साफसफाईचंही माझंच.

ही साफसफाई नीट समजून घे. माणसाच्या स्कॅनवरून यंत्र आधी धमन्यांचं एक कडक झाड छापतं. छापताना फांद्या खाली वाकू नयेत म्हणून यंत्रच त्यांना बारीक आधाराच्या काड्या लावतं. छापून झालं की त्या काड्या कापायच्या, जागा घासून गुळगुळीत करायची, मग त्या झाडावर रबर चढवायचं आणि आतलं झाड विरघळवून टाकायचं. उरते ती पोकळ धमनी. काडी कुठली आणि खरी फांदी कुठली हे कळावं म्हणून हितेश प्रत्येक झाडाबरोबर एक चित्र देतो. त्यात खऱ्या फांद्या लाल असतात. चित्र समोर ठेवायचं आणि मग कातरी लावायची, असा नियम.

आईला दुखायला लागलं ते गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास. पुढचं तुला माहीत आहे. जुनी कावीळ, मग लिवर खराब, मग गाठ. सोनोग्राफीवाल्याने तिच्या तोंडावर विचारलं होतं, मावशी, दारू घ्यायच्या का? ती दोन दिवस जेवली नव्हती. मला म्हणाली, ‘थेंबाला शिवले न्हाय आनि ह्यो मला दारूडी म्हनतो.’ मग ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर मेघाली भेटली. मी तिला आधीपासून ओळखत होतो. नळी कुठे थांबवावी हे शिकायला ती आमच्याकडे मॉडेलवर काम करायला यायची आणि मला काका म्हणायची. तिनेच सांगितलं, काकूंच्या धमनीला वळण फार आहे, आधी त्यांच्याच धमनीचं मॉडेल करू, त्यावर हात बसवू, मगच पोटात जाऊ. आमच्याकडे तोवर रोग्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. आधीची सगळी मॉडेल नुसती मणी मोजायला होती. संमतीचा कागद हितेशने वाचून दाखवला तेव्हा तुझ्या आईने ऐकून घेतलं आणि सही केली, ती दुसरीपर्यंत शिकली होती ना, तेवढी. म्हणाली, ‘जिती हाय तवर कोनाच्या तरी कामाला येवं दे.’ हितेशने त्या लाल फांद्यांच्या चित्राची एक प्रत तिलाही दिली. ती तिने उशीखाली ठेवली. दुपारी खिडकीशी बसून ती ते बघत बसायची, दुसऱ्या बायका नातवंडांचे फोटो बघतात तसं.

तिचं झाड छापून माझ्या टेबलावर आलं तो सोमवार होता. माझ्या बायकोच्या पोटातली गोष्ट माझ्या तळहातावर होती, चिंचेच्या डहाळीएवढी. मी हितेशला सांगितलं, ह्याला कुणी हात लावायचा नाही, हे मी करणार. लाल फांद्यांचं चित्र मी टेबलाच्या खणात ठेवलं. मला कशाला हवं चित्र? तिचा स्कॅन मी चार महिने उजेडाला धरून पाहत होतो, मला तो पाठ होता. इतर मॉडेलला मी एक दिवस लावायचो, हिला तीन दिवस लावले. तिचं होतं म्हणून. नवरीच्या शालूला हात लावतात तसं ते झाड मी घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं. एक काडी ठेवली नाही, एक खरखरीत जागा ठेवली नाही. रबर चढवून झाल्यावर हितेशने ते दिव्याला धरलं आणि म्हणाला, मिस्त्री, एवढं साफ मॉडेल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तपासणीच्या कागदावर त्याने लगेच सही केली. चित्राशी ताडून बघायचं असतं, पण काम माझं होतं म्हणून त्याने ताडून बघितलं नाही.

शनिवारी डॉक्टर आली आणि आईलाही मी घेऊन गेलो. तिला बघायचंच होतं. पंप सुरू केला, लाल पाणी धडधडायला लागलं आणि ती जवळ जाऊन म्हणाली, ‘येवढीच हाय व्हय मी?’ सगळे हसले. डॉक्टरने चार वेळा नळी घातली. चौथ्या वेळी तिने पेनाने रबरावर एक खूण केली, टोक इथे थांबवायचं. मणी सोडले. मी जाळ्या काढून मोजले, दोनदा मोजले. शंभरातले सत्त्याण्णव गाठीच्या फांदीत. तीन मागे राहिलेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरने तुझ्या आईला मिठी मारली. मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं, दिना, लूमवरच्या सगळ्या वर्षांत एवढं वाटलं नव्हतं. मी तुला तेव्हा फोन केला होता. तू म्हणाली होतीस, पप्पा, तुम्हीच आईला वाचवणार.

बुधवारी डॉक्टरने खऱ्या पोटात नळी घातली आणि बरोबर त्याच खुणेवर थांबली. मणी सोडले. बाहेर येऊन म्हणाली, मॉडेलसारखंच गेलं. तिसऱ्या दिवशी आईला पोटात आग व्हायला लागली. आठव्या दिवशी रक्ताची उलटी झाली. त्याच दिवशी तू नाशिकहून आलीस तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि पिशवीत काळपट रक्त साचत होतं. अकराव्या दिवशी सकाळी गेली. कॅन्सरने गेली नाही. गाठ खरंच मरायला लागली होती, रिपोर्टमध्ये तसं लिहिलं आहे. ती जठराच्या जखमेने गेली. थोडे मणी जठराच्या भिंतीत गेले होते, तिथलं रक्त तुटलं आणि भिंत सडली. आधीच खराब लिवरच्या बाईचं रक्त थांबत नाही.

तुझा राग मला समजतो. तू निवेदनात लिहिलं आहेस की जठराला जाणारी फांदी डॉक्टरने बघितली नाही, तिच्याआधीच नळी थांबवून मणी सोडले, हा निष्काळजीपणा आहे. फांदी होती, हे खरं आहे. मणी त्या फांदीतून गेले, हेही खरं आहे. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला डॉक्टर पांढरी फुलं घेऊन आपल्या दारात आली तेव्हा तू सगळ्यांसमोर तिला म्हणालीस, ज्या हातांनी मारलंत त्या हातांनी फुलं वाहू नका. ती फुलं उंबऱ्यावर ठेवून जिना उतरून गेली. मी हातात खिरीचं पातेलं घेऊन उभा होतो. बुद्धवंदना संपलेली होती, आईच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती, आणि मी त्या पोरीमागे चार पायऱ्याही उतरलो नाही.

आता तिला रोग्यांच्या पोटात नळी घालायला मनाई आहे, चौकशीचा निकाल लागेपर्यंत. ती गेल्या आठवड्यात मला भेटली. मी हॉस्पिटलात गेलो होतो, तुला सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर एका खोलीत बसून एक्स-रेच्या फिल्म बघण्याचं काम देतात तिला. मी विचारलं, डॉक्टर, तुम्हाला पडद्यावर ती फांदी दिसली नव्हती का? तिने खाली मान घालून सांगितलं, काका, पुसट एक रेघ दिसली होती. पण मॉडेलमध्ये तिथे काही नव्हतं, म्हणून मला पोटातल्या गॅसची सावली वाटली. मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या हातावर विश्वास ठेवला, ही माझीच चूक. तिने दोष मला दिला नाही, दिना. तिला माहीतच नव्हतं काही. ती स्वतःलाच दोष देत होती, आणि मी तिच्यासमोर बसून पाणी प्यायलो आणि उठून घरी आलो.

माझ्या टेबलावर सध्या एक झाड आहे. शहापूरकडचा चांगदेव म्हणून एक माणूस आहे, सेहेचाळीस वर्षांचा, दोन मुली. त्याचा डॉक्टरही तीच, म्हणून तो थांबला आहे, आणि त्याची गाठ काही थांबलेली नाही. त्याच्या झाडाला उजवीकडे एक बारीक काडीसारखं काहीतरी आहे. हितेश शुक्रवारी म्हणाला, मिस्त्री, ही घाण राहिली, काढून टाका. मी चित्र बाहेर काढून बघितलं. तिथे लाल रेघ आहे. घाण नाही, फांदी आहे. मी हितेशला म्हटलं, राहू दे, बघतो. पण का राहू दे, ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. तो म्हणाला, तुम्ही हल्ली ढिले पडलात.

तर आता ते दुमडलेलं पान उघडतो. तुझ्या आईच्या झाडावर, मुख्य धमनी जिथे वळते तिथून खाली, एक बारीक शेपटी निघत होती. बोटाच्या पेराएवढी लांब, जाड दोऱ्याएवढी, टोकाशी वळलेली. बाकीच्या आधाराच्या काड्या सरळ होत्या, ही वळलेली होती. ती वळलेली आहे हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. पण लोंबत होती. एवढ्या साफ कामावर ती लोंबत होती आणि मला ती सहन झाली नाही. खणातलं चित्र काढायला हात लांबवला असता तर चार बोटांवर होतं. मी कातरी लावली, जागा घासली, अंगठा फिरवून बघितलं, काही लागलं नाही, समाधान वाटलं. दुसऱ्या कुणाचं मॉडेल असतं तर कदाचित चित्र बघितलं असतं. तुझ्या आईचं होतं म्हणून बघितलं नाही. हॉस्पिटलच्या बोळात आठव्या दिवशी डॉक्टरने जठराचं नाव घेतलं, त्याच क्षणी मला सगळं कळलं. तू तेव्हा माझा हात धरून उभी होतीस. तुला वाटलं, ही बायकोची काळजी आहे. घरी येऊन कामाच्या शर्टाचा खिसा उलटा केला. शर्ट धुतलेला नव्हता, धुणारी आधी आजारी होती आणि मग हॉस्पिटलात. धाग्यांच्या गुंत्यात ती शेपटी होती, पांढरी, टोकाशी वळलेली. मी ती खणातल्या चित्रावर ठेवून बघितली. लाल रेघेवर बरोबर बसली.

एवढं सांगून थांबलो तर तू म्हणशील, पप्पा, चूक झाली, हात सवयीने गेला, तुम्हाला कुठे माहीत होतं. मी स्वतःला तेच सांगत आलो आहे. पण त्या शनिवारी, टाळ्या वाजल्यावर, मी आणि तुझी आई रिक्षाने घरी येत होतो. तिने पिशवीतून ते चित्र काढलं, घडी उघडली, त्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘अवो, ही बारकी शेपटी तुमच्या रबरात दिसली न्हाय ती?’ दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला दिसलं, दिना, इंजिनीअरला दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही. मी चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, ती मशीनची घाण असते, मी काढून टाकली, आता तू मला माझं काम शिकवणार का? रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून जरा जोरातच म्हणालो. तिने चित्राची घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. ‘तुमाला कळतंय तर बरं,’ एवढंच म्हणाली. मधे चार दिवस होते. ती पुन्हा बोलली नाही, कारण मी तिला बोलायला जागा ठेवली नव्हती. पहिल्या उलटीनंतर तिने माझ्याकडे एकदा बघितलं होतं. ते बघणं मी कुणाला सांगू शकत नाही, तुलाही नाही. तुझं निवेदन ह्या पाकिटात परत पाठवतोय, फुली तशीच आहे. माझं निवेदन मी हाताने लिहिलं आहे, चार पानं, रिक्षातलं बोलणंही त्यात आहे. हितेशला उद्या सकाळी सांगणार आहे, चांगदेवच्या झाडाला कुणी कातरी लावायच्या आधी. पुढच्या सोमवारी ती शेपटी आणि आईच्या उशीखालचं चित्र घेऊन मी चौकशीला जाईन आणि सांगेन की त्या डॉक्टरला सोडा, हे माझ्या हाताने झालं. तिथे कुणा परक्याच्या तोंडून तू हे ऐकावंस असं मला नको होतं, म्हणून तुला आधी लिहिलं. तू कदाचित यानंतर माझ्याशी बोलणार नाहीस, ते मी सोसेन. पण तिने विचारलं तेव्हा मी तिला गप्प केलं, आणि मी बोलायला उभा राहीन तेव्हा तू तिथे असलीस, तर मला गप्प बसवू नकोस.

तुझाच,
पप्पा